आंदोलनाच्या फोटोंचे प्रदर्शन : मुलाने नाकारलेला आईचा फोटो लावावा का?

छत्रीबाग यांचा प्रश्न :

नमस्कार. मी इंदूरमधील एका शाळेत चित्रकला शिकवते आणि 2017 पासून रविवार व सुट्ट्या साधून नर्मदा खोऱ्यातील डूब क्षेत्रात, म्हणजे सरदार सरोवर धरणाच्या पाण्याखाली जाणाऱ्या गावांत, फोटो काढत आले आहे. पहिले फोटो काढले ते त्या वर्षीच्या जुलैमध्ये, बडवानीजवळच्या राजघाटावरून गांधीजी, कस्तुरबा आणि महादेवभाई देसाई यांच्या अस्थी हलवण्यात आल्या त्या दिवसांत. इंदूरहून बडवानी सुमारे दीडशे किलोमीटर आहे. पहाटेची बस धरली तर दुपारच्या आत नदीवर पोहोचता येते. नर्मदा नियंत्रण प्राधिकरणाचे मुख्यालय आपल्याच शहरात असल्यामुळे खोऱ्यातील माणसे धरणे धरायला इथेही येतात, आणि म्हणून माझ्या संग्रहातील बरेच फोटो नर्मदाकाठच्या निमाडातले नसून इंदूरच्या रस्त्यांवरचे आहेत. आता एका संस्थेने या हिवाळ्यात आपले सभागृह आठ दिवसांसाठी देऊ केले आहे. चार हजारांहून अधिक फोटोंतून मी साठ निवडले आहेत. त्यांपैकी एकोणसाठांबद्दल माझ्या मनात शंका नाही. एकाबद्दल आहे, आणि त्यासाठीच हे लिहीत आहे.

तो फोटो सप्टेंबर 2019 मधला, धार जिल्ह्यातील नर्मदाकाठच्या चिखलदा गावचा. त्या महिन्यात सरदार सरोवर पहिल्यांदाच 138.68 मीटर या पूर्ण पातळीपर्यंत भरण्यात आले. एक आजी आपल्या घराच्या उंबऱ्यावर बसल्या आहेत, पाणी दोन पायऱ्या खाली आहे, सामान हलवून झालेले आहे आणि मागच्या अंधारात एक पितळी हंडा तेवढा दिसतो. त्यांनी पदर तोंडावर धरला आहे. डोळे कॅमेऱ्याकडे नाहीत आणि पाण्याकडेही नाहीत. मी आधी विचारले होते. त्यांनी मान हलवली, काढ म्हणाल्या, आणि सगळ्यांना दाखव असेही म्हणाल्या. ज्यांनी हा फोटो पाहिला त्या सर्वांनी हाच प्रदर्शनाचा मुख्य फोटो असावा असे सुचवले आहे.

आजी दोन वर्षांपूर्वी गेल्या. मागच्या महिन्यात मी या फोटोची मोठी प्रिंट घेऊन पुनर्वसन वसाहतीत त्यांच्या मुलाकडे गेले. त्यांनी ती बराच वेळ पाहिली, मग पालथी करून खाटेवर ठेवली आणि म्हणाले की ही माझी आई नाही. त्यांचे म्हणणे असे होते की मोठ्या धरणांविरुद्ध 28 सप्टेंबर 1989 ला हरसूदला झालेल्या मेळाव्याला त्यांची आई बैलगाडी आणि ट्रक बदलत गेली होती, 1990 च्या डिसेंबरात सरदार सरोवराविरुद्ध निघालेल्या संघर्ष यात्रेत ती गुजरातच्या सीमेवरील फेरकुव्यापर्यंत चालली, तुरुंगात जाऊन आली, आणि गावातल्या बायकांना सभेत उभे राहून बोलायला तिनेच शिकवले. तीस वर्षांत एका दुपारी ती खचून बसली, आणि तुम्ही शहरातल्या लोकांना नेमकी तीच दुपार दाखवणार आहात.

यावर मला उत्तर देता आले नाही, आणि अजूनही सापडलेले नाही. ज्यांचा फोटो आहे त्यांनी स्वतः होकार दिला होता, तो मुलाच्या नकारापेक्षा मोठा मानावा का? आणि फोटो मागे घेतला, तर त्या दुपारी जे घडले त्याचा माझ्याकडे असलेला पुरावा मीच दडपते आहे, असे होणार नाही का? ज्यांनी असे काम केले आहे, किंवा ज्यांच्या घरातील कोणाचे असे फोटो निघाले आहेत, त्यांनी कृपया सविस्तर लिहावे.

डार्करूम लिहितात :

मी इंदूर आणि भोपाळ येथील हिंदी दैनिकांत बावीस वर्षे छायाचित्रकार म्हणून नोकरी केली. माझे मत आधीच सांगतो : फोटो लावा.

भोपाळचे उदाहरण आपल्या प्रदेशातले आहे म्हणून त्यापासून सुरुवात करतो. 2 आणि 3 डिसेंबर 1984 च्या दरम्यानच्या रात्री वायू सुटला, आणि पुढच्या दिवसांत एका लहान मुलाला मातीत पुरताना दोन छायाचित्रकारांनी तो चेहरा टिपला. रघू राय यांनी कृष्णधवल आणि पाब्लो बार्थोलोम्यू यांनी रंगीत. दुसऱ्या फोटोला त्या वर्षीचा वर्ल्ड प्रेस फोटोचा सर्वोच्च सन्मान मिळाला. ते मूल कोणाचे होते हे आजही कळलेले नाही. परवानगी कोणाकडे मागायची होती? त्या वेळी दोघांनी संकोचाने कॅमेरे खाली ठेवले असते, तर भोपाळ म्हटल्यावर आज जगाच्या डोळ्यांसमोर फक्त कारखान्याच्या टाक्या उभ्या राहिल्या असत्या.

अमेरिकेतील लुईस हाइन यांचे काम मी उमेदवारीच्या काळात पुन्हा पुन्हा पाहिले आहे. बालमजुरीविरुद्ध काम करणाऱ्या राष्ट्रीय समितीसाठी ते 1908 पासून गिरण्या, खाणी आणि डबाबंद मासळीचे कारखाने फिरले. मालकांना संशय येऊ नये म्हणून ते मुलांची उंची आपल्या कोटाच्या गुंड्यांवरून मोजत आणि खिशातल्या खिशात वय, नाव, कामाचे तास टिपून ठेवत. फोटो आणि टिपण मिळून तो पुरावा झाला. त्यांनी चेहरे दाखवले, मुलांची दशा दाखवली, आणि त्यामुळे ती मुले लहान झाली असे मला कधी वाटले नाही.

आपल्याकडे 2012 मध्ये खंडवा जिल्ह्यातील घोघलगावला लोक सतरा दिवस ओंकारेश्वर धरणाच्या पाण्यात उभे राहिले. पाण्याने पांढरी पडून सोललेल्या पावलांचे फोटो देशभर छापून आले आणि सरकारने पाण्याची पातळी 189 मीटरवर ठेवण्याचे मान्य केले. केवळ फोटोंमुळे ते झाले असे मी म्हणणार नाही, कारण पाण्यात माणसे उभी होती, फोटो उभे नव्हते. पण त्या पावलांशिवाय ती बातमी चार ओळींची राहिली असती, हे मी बातमीच्या खोलीत बसून पाहिलेले आहे.

आजींनी तुम्हाला शब्द दिला होता आणि त्या शब्दाचा मान राखणे हे तुमचे काम आहे. मुलाचे दुःख मला कळते. तरीही एवढ्या मोठ्या विस्थापनाची साक्ष एका घराच्या मालकीची होऊ शकत नाही. एक पथ्य मात्र पाळा. हा फोटो निमंत्रणपत्रिकेवर किंवा फलकावर छापू नका आणि त्याखाली हरसूदपासूनची सगळी हकीकत लिहा.

परदेशीपुरा लिहितात :

डार्करूम यांचा अनुभव माझ्यापेक्षा कितीतरी मोठा आहे, पण मी कॅमेऱ्याच्या दुसऱ्या बाजूच्या घरात वाढले आहे, म्हणून लिहिण्याचे धाडस करते.

माझे वडील इंदूरच्या एका कापड गिरणीत साच्यावर होते. नव्वदच्या दशकात गिरणीला टाळे लागले आणि थकलेल्या पगाराचा, ग्रॅच्युइटीचा दावा वर्षानुवर्षे चालला. गिरण्यांच्या या शहरात अनंत चतुर्दशीच्या झाक्या, म्हणजे मिरवणुकीतले देखावे, पाहायला आजही गर्दी लोटते, पण त्या झाक्या ज्यांनी सुरू केल्या आणि वर्गणी काढून टिकवल्या ते कामगार बाकी वर्षभर कुठे बसलेले असत हे फार थोड्यांना माहीत होते. वडील गिरणीच्या फाटकापाशी बसत. एका वर्षी एका वर्तमानपत्राच्या छायाचित्रकाराने त्यांचा फोटो काढला : बंद फाटक, पायरी, आणि मान खाली घालून बसलेला माणूस. खाली छापले होते, हताश कामगार. तो फोटो पुढे गिरणी बंद होण्याच्या तारखेला कितीतरी वर्षे येत राहिला. मी आठवीत असताना वर्गातील एका मुलीने ते कात्रण वहीत घालून आणले आणि हे तुझे बाबा ना, असे सगळ्यांसमोर विचारले.

माझे वडील त्या पायरीवर हताश बसलेले नव्हते. त्यांच्या मांडीवर एक लांबट रजिस्टर होते, ज्यात प्रत्येक कामगाराचे नाव, टोकन नंबर, येणे रक्कम आणि तो मेला असेल तर वारसाचे नाव ते लिहीत असत. कोणी वारले की त्या घरी जाऊन कागद गोळा करणे हे काम त्यांनी स्वतःकडे घेतले होते. फोटोत मान खाली आहे ती बेरीज करताना खाली गेलेली आहे. छापताना फोटोची खालची पट्टी कापली गेली आणि रजिस्टर तिच्याबरोबर गेले. ते छायाचित्रकार वाईट मनाचे नव्हते असेच मी धरून चालते. त्यांनी नाव विचारले नाही, एवढेच घडले, आणि त्या एवढ्याशाने आमच्या घरात वीस वर्षे काम केले.

मी ग्रंथालयात नोकरी करते, त्यामुळे या विषयावर जे हाती लागले ते वाचत आले आहे. डोरोथिया लँग यांनी 1936 मध्ये कॅलिफोर्नियात काढलेला स्थलांतरित मजूर आईचा फोटो सर्वांना माहीत आहे. लँग यांनी तिचे नाव टिपून घेतले नव्हते. फ्लॉरेन्स ओवेन्स थॉम्पसन हे तिचे नाव जगाला कळले ते 1978 मध्ये, आणि तेव्हा तिने त्या फोटोबद्दल खंतच व्यक्त केली. फोटो जगभर छापला गेला, तिला त्यातून काही मिळाले नाही. दुसरे उदाहरण तुमच्या प्रश्नाच्या अधिक जवळचे आहे. जपानमधील मिनामाता येथे कारखान्याने समुद्रात सोडलेल्या पाऱ्यामुळे माणसे पंगू झाली, त्याचे फोटो यूजीन स्मिथ आणि आयलीन स्मिथ यांनी तिथे राहून काढले. आई आपल्या रोगग्रस्त मुलीला न्हाणीत मांडीवर घेऊन बसली आहे, हा 1971 चा फोटो कुटुंबाच्या संमतीने काढलेला होता आणि त्याने त्या लढ्याला जगभरातून बळ मिळाले. मुलगी 1977 मध्ये गेली. पुढे आईवडिलांना वाटले की तिला आता विश्रांती मिळावी, आणि 1998 मध्ये आयलीन स्मिथ यांनी त्या फोटोबाबतचा निर्णय कुटुंबाच्या हाती सोपवला. फोटो तोवर जगप्रसिद्ध झालेला होता, तरी त्यांनी उशीर झाला असे म्हटले नाही.

आजींच्या होकाराबद्दल मात्र मला तुम्हालाच विचारायचे आहे. सगळ्यांना दाखव असे त्या म्हणाल्या तेव्हा त्यांच्या मनात काय होते? माझे हे हाल दाखव, की आमचे काय केले ते दाखव? मला दुसरे वाटते, आणि ते खरे असेल तर माझा मुद्दा थोडा लंगडा पडतो हे मान्य करते. म्हणून माझी सूचना वेगळी आहे. एकटा मुलगा म्हणजे कुटुंब नव्हे. त्यांना मुली असतील, सुना असतील, आणि फेरकुव्यापर्यंत त्यांच्याबरोबर चाललेल्या बायका तर नक्कीच असतील. एक प्रिंट घेऊन न्याय मागायला जाऊ नका. चाळीस-पन्नास लहान प्रिंट घेऊन जा आणि त्या खाटेवर पसरून ठेवा.

कागदपत्रे लिहितात :

मी वकील आहे आणि कामगार व विस्थापितांच्या संघटनांची जुनी कागदपत्रे लावून ठेवण्याचे काम काही वर्षे करत आहे. कायद्याचे आधी संपवते, कारण त्यात तुमच्या प्रश्नाचे उत्तर नाही. फोटोचा स्वामित्वहक्क तुमचा आहे. 2012 च्या दुरुस्तीनंतर तो तुमच्या हयातीत आणि त्यानंतर 60 वर्षे टिकतो. फोटोतील व्यक्तीला किंवा तिच्या मुलाला त्यात वाटा नाही. 2017 मध्ये सर्वोच्च न्यायालयाने खासगीपणा हा मूलभूत हक्क मानला, पण सार्वजनिक आंदोलनात काढलेल्या फोटोला तेवढ्यावरून आपोआप बंदी येत नाही. तेव्हा तुम्ही फोटो लावलात तर कोणी अडवणार नाही, आणि नेमके म्हणूनच विचार तुम्हाला करावा लागणार आहे.

तुमच्या प्रश्नातील दुसऱ्याच एका वाक्यावर मी अडखळले. एकोणसाठ फोटोंबद्दल शंका नाही असे तुम्ही लिहिले आहे. मला त्या एकोणसाठांची जास्त काळजी वाटते. आजींचे कुटुंब तुम्हाला ठाऊक आहे, तुम्ही त्यांच्या घरी जाऊ शकता, भांडण होऊ शकते. इंदूरच्या रस्त्यावर घोषणा देणाऱ्या गर्दीत तिसऱ्या रांगेत उभा असलेला मुलगा कोण आहे, तो आज कुठे नोकरी करतो, त्याच्यावर एखादा खटला चालू आहे का, हे तुम्हाला माहीत आहे का? माझ्या ओळखीतील एक तरुण कंत्राटी कामावर होता. एका धरण्यात तो तासभर बसला, कोणाच्या तरी फोटोत ठळक आला, तो फोटो मोबाइलवरून फिरत त्याच्या वरिष्ठांपर्यंत पोहोचला आणि पुढच्या महिन्यापासून त्याला कामावर बोलावणे बंद झाले. फोटो काढणारा आंदोलनाचा मनापासूनचा मित्र होता. पूर्वी गर्दीतला चेहरा गर्दीतच राहत असे. आता चेहरे जुळवणारी यंत्रणा पोलिसांकडे आहे आणि चांगल्या कॅमेऱ्याने काढलेल्या फोटोत मागच्या रांगेतील माणूसही सुटत नाही.

म्हणून सभागृहात लावणे, इंटरनेटवर टाकणे आणि जपून ठेवणे या तीन गोष्टींचा निर्णय प्रत्येक फोटोबाबत वेगवेगळा करा. जपून सगळेच ठेवा. मूळ फाइलला हात लावू नका, चेहरा पुसायचा असेल तर प्रतीवर पुसा. खरे तर पुसलेला चेहरा गुन्हेगारासारखा दिसतो, त्यापेक्षा दुसरी फ्रेम निवडावी असे माझे मत आहे. प्रत्येक फोटोबरोबर तारीख, गाव, व्यक्ती, कोणाला विचारले आणि काय उत्तर आले हे लिहून ठेवा, आणि कॅमेऱ्याचे घड्याळ बरोबर होते का ते तपासा, कारण चुकीच्या तारखेचा फोटो न्यायालयात उलटतो. मोबाइलवरून नेहमीसारखा फोटो पाठवला की त्यातील तारीख आणि जागेची माहिती गळून पडते. साक्षीसाठी पाठवताना तो दस्तऐवज म्हणून पाठवावा, आणि माणसाच्या सुरक्षिततेचा प्रश्न असेल तेव्हा ती माहिती आपणच काढून टाकावी.

परदेशीपुरा यांनी खाटेवर प्रिंट पसरण्याचे सुचवले आहे, त्याला एक जुना आधार आहे. दिल्लीच्या शीबा छाछी यांनी ऐंशीच्या दशकात हुंडाविरोधी आणि स्त्रियांच्या इतर आंदोलनांचे फोटो काढले. त्या स्वतः त्या चळवळीत होत्या. मूठ उंचावलेली, घोषणा देणारी स्त्री त्या चळवळीची ओळख झाली, तरी एवढ्याने त्या स्त्रिया कळतात असे त्यांना वाटेना. म्हणून 1990 च्या सुमारास त्या सात कार्यकर्त्या स्त्रियांकडे परत गेल्या आणि त्यांच्याबरोबर बसून फोटो घडवले. कुठे बसायचे, हातात काय घ्यायचे, कोणत्या वस्तू शेजारी ठेवायच्या हे त्या स्त्रियांनी ठरवले. असे फोटो रस्त्यावरच्या फोटोंची जागा घेऊ शकत नाहीत, पण त्यांच्या शेजारी लावता येतात.

पावलांबद्दल डार्करूम यांनी लिहिले, त्याला जोडून एक सांगते. मार्च 2018 मध्ये शेतकरी नाशिकहून मुंबईपर्यंत सुमारे 180 किलोमीटर चालत गेले तेव्हाही फोड आलेल्या, रक्ताळलेल्या पावलांचे फोटो सर्वत्र दिसले आणि मुंबईकरांनी पाणी, खाणे, चपला घेऊन धाव घेतली. ते चांगलेच झाले. पण त्या मोर्चातील बहुतेक जण आदिवासी होते आणि 2006 च्या वनहक्क कायद्याप्रमाणे कसत असलेल्या जमिनीचे पट्टे ही त्यांची एक मुख्य मागणी होती, हे पावलांच्या फोटोखाली मी फार क्वचित वाचले. चपला देऊन भागेल असे लोकांना वाटायला लावणारा फोटो अपुरा आहे.

डार्करूम पुन्हा लिहितात :

परदेशीपुरा, तुमच्या वडिलांचे रजिस्टर कापले गेले ही गोष्ट वाचून मी काल रात्री जुन्या निगेटिव्हचे दोन डबे काढून बसलो. अशा किती पट्ट्या मी स्वतः कापल्या आणि किती पानाच्या मांडणीसाठी कापू दिल्या, याचा हिशेब आता लागणार नाही. फोटोओळ बहुतेक वेळा रात्रपाळीचा उपसंपादक लिहीत असे, आणि त्याला माणसाचे नाव सांगण्याची जबाबदारी माझी होती.

तरी माझी एक भीती कायम आहे आणि ती नोंदवून ठेवतो. सरकारी कागदांत पुनर्वसनाचे काम शून्य बाकी म्हणून दाखवले गेले, म्हणजे कोणाचे काही देणे राहिले नाही. त्या शून्याला उंबऱ्यावर बसलेला माणूस हेच उत्तर आहे. उद्या प्रत्येक कुटुंबाने आपल्या माणसाचे फक्त ताठ उभे असलेले फोटो ठेवायचे ठरवले, तर पन्नास वर्षांनी पाहणाऱ्याला वाटेल की सगळे लढले, सगळे ताठ राहिले आणि कोणाचे फारसे काही गेले नाही. खचणे हाही त्या लढ्याचा खरा भाग होता. तो भाग कुठे तरी राहिला पाहिजे.

छत्रीबाग पुन्हा लिहितात :

तुम्हा तिघांचे मनापासून आभार. मागच्या शनिवारी मी बेचाळीस लहान प्रिंट घेऊन वसाहतीत गेले आणि मुक्काम केला. आजींच्या मुलाबरोबर त्यांची धाकटी बहीण होती, आणि शेजारच्या दोन म्हाताऱ्या बायका, ज्या आजींबरोबर यात्रेत होत्या. पहिला तासभर कोणी माझ्याशी बोललेच नाही. त्या आपसात फोटो फिरवत, कोण कोण आता नाही ते मोजत होत्या. बुडालेला पिंपळ एका फोटोत दिसला तेव्हा त्याच्याबद्दल जितके बोलणे झाले तितके माणसांबद्दलही झाले नाही.

मग त्यांतील एकीने एक प्रिंट बाजूला काढली. ती त्याच दुपारची, उंबऱ्याच्या फोटोनंतर वीस मिनिटांनी काढलेली. आजी ओट्यावर उभ्या आहेत, पाण्यात उभ्या असलेल्या एका माणसाकडे बोट रोखून काही बोलत आहेत. बोट हलल्यामुळे अस्पष्ट आले आहे आणि क्षितिज तिरके झाले आहे. तो फोटो मी पहिल्याच चाळणीत टाकून दिला होता, केवळ कुतूहलापोटी बरोबर नेला होता. हीच ती, असे दोघी एकदमच म्हणाल्या. आजी तेव्हा विचारत होत्या की शेजारच्या विधवेचे नाव यादीत का नाही. हे मला त्या दिवशी ऐकू आले नव्हते, किंवा आले असेल तर मी फ्रेम लावण्याच्या नादात होते.

उंबऱ्याच्या फोटोवर एकमत झाले नाही. मुलीला तो लावावा असे वाटते. आई रडली हे लोकांना कळू दे, तिने रडायला तीस वर्षे घेतली, असे ती म्हणाली. मुलगा तयार झाला नाही. शेवटी त्याने एवढे मान्य केले की तो फोटो आईच्या नावासह आणि आज जे बोलणे झाले त्याच्या टिपणासह जपून ठेवावा, आणि भिंतीवर लावायचा की नाही ते पुढे त्याच्या मुलीने ठरवावे. ती आता अकरावीत आहे. मी हे स्वीकारले आहे. डार्करूम यांची भीती मला खरी वाटते आणि माझ्या या निर्णयाने ती दूर होत नाही, हेही मी समजून आहे.

कागदपत्रे यांचे ऐकून मी एकोणसाठ फोटो पुन्हा पाहिले आणि चार काढून टाकले. एकात खटला चालू असलेला माणूस आहे, दोनांत अशी मुले आहेत ज्यांच्याशी संपर्क होऊ शकला नाही, आणि एकात शाळेच्या गणवेशातील मुलगी धरण्यात झोपली आहे. तो फोटो मला फार प्रिय होता, पण गणवेशावरून शाळा ओळखू येते आणि शाळेवरून मुलगी. इंटरनेटवर मी फक्त वीस टाकीन, तेही लहान आकारात.

आता फोटोओळींचे काम चालू आहे. त्या मराठी आणि हिंदी अशा दोन्ही भाषांत असतील आणि वसाहतीतील दोघे तिघे छापण्यापूर्वी वाचून पाहणार आहेत. तिरक्या क्षितिजाच्या त्या फोटोखाली मी पुढील मजकूर योजला आहे. आजींचे नाव घरच्यांच्या संमतीने प्रदर्शनात असेल, इथे लिहीत नाही. "चिखलदा, जिल्हा धार, सप्टेंबर 2019. हरसूद आणि फेरकुव्याच्या लढ्यात भाग घेतलेल्या ... शेजारणीचे नाव पुनर्वसनाच्या यादीत का नाही हे विचारताना. याच महिन्यात सरदार सरोवराचे पाणी 138.68 मीटरपर्यंत पोहोचले आणि त्यांचे घर बुडाले." काही खटकत असेल तर सांगावे.

परदेशीपुरा लिहितात :

एकच शब्द खटकतो. घर बुडाले असे लिहिले की ते पावसाने बुडाल्यासारखे वाटते, आणि पाणी पोहोचले म्हटले की ते आपल्या पायांनी चालत आल्यासारखे. तुम्ही प्रश्न विचारताना धरण भरण्यात आले असे लिहिले होते, तेच बरोबर होते. पाणी भरण्यात आले आणि घर बुडवले गेले, असे करावे. आमच्याकडे कोणी गिरणी बंद पडली असे म्हणाले की वडील बोलणे मध्येच थांबवून सांगत, पडली नाही, बंद केली.

छत्रीबाग लिहितात :

बदल केला आहे. हिंदीतही तसाच करते, आणि बाकीच्या पंचावन्न फोटोओळी याच नजरेने आज पुन्हा वाचते.